इंदूरमध्ये नववी-दहावीच्या मुलांना गणित-विज्ञानाची शिकवणी कशी द्यावी

इंदूरमध्ये राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांतल्या मराठी घरांतून संध्याकाळी पाच-सहा मुलांची शिकवणी चालणे ही जुनी गोष्ट आहे. शिकवणारे कुणी निवृत्त शिक्षक असतात, कुणी एम.एस्सी. करून घर सांभाळणाऱ्या गृहिणी, तर कुणी स्वतःच्या इंजिनिअरिंगच्या फीला हातभार लावणारे विद्यार्थी. भंवरकुआंच्या बाजूला मोठमोठे कोचिंग क्लास असूनही पालक अशा घरगुती शिकवण्या शोधत असतात, कारण भरलेल्या वर्गात हात वर करून "मला अपूर्णांकांची बेरीज येत नाही" असे दहावीच्या मुलाला सांगवत नाही. घरच्या शिकवणीत ते सांगता यावे, एवढ्यासाठीच ती असते असे मी मानते. गेली बरीच वर्षे मी हे काम करते आहे. ज्यांना ते नव्याने सुरू करायचे आहे त्यांच्यासाठी, स्वतःच्या चुकांतून जे हाती लागले ते येथे लिहिते आहे.

सुरू करण्याआधी

शाळेत नोकरी करणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्यातील कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खाजगी शिकवणी घेण्यास मनाई आहे, तेव्हा चालू नोकरीबरोबर हा उद्योग करू नये. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये असे म्हटले आहे. मात्र त्या सूचनांतील व्याख्येप्रमाणे ५० हून अधिक विद्यार्थ्यांना शिकवणारी जागा म्हणजे कोचिंग सेंटर, त्यामुळे घरात चार-सहा मुलांना शिकवणाऱ्यांनी त्या वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही.

एका वेळी सहापेक्षा जास्त मुले घेऊ नयेत, हे मी आग्रहाने सांगते. एका वर्षी ओळखीच्या लोकांना नाही म्हणवेना म्हणून मी चौदा मुले एका खोलीत बसवली. त्यांतला एक मुलगा रोज वेळेवर यायचा, रोज वही पूर्ण करायचा, अक्षर मोत्यासारखे. त्याच्याकडे लक्ष देण्याची गरज नाही असे मला वाटत राहिले. सहामाहीचा पेपर हाती आला तेव्हा कळले की तो चार महिने फळ्यावरचे उतरवून घेत होता. त्याची चूक त्याच्या वहीत मला कधी दिसली नाही, कारण त्या वहीत त्याचे स्वतःचे काही नव्हतेच. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे की लिहिताना प्रत्येक मुलाचा हात मला दिसला पाहिजे. फळा मी भिंतीवर ठेवला आहे, पण वापरते क्वचितच. मुले टेबलाभोवती बसतात आणि मी त्यांच्या मागून फिरते.

खोलीचे दार उघडे असावे आणि शिकवणीच्या वेळी घरात आणखी एखादे मोठे माणूस असावे. हिवाळ्यात सहा वाजताच अंधार पडायला लागतो, म्हणून दूर राहणाऱ्या मुलांची वेळ नोव्हेंबरपासून अलीकडे घ्यावी.

पहिल्या बैठकीत धडा उघडू नये

नवीन मूल आले की त्याच्या हातात पुस्तक असते आणि शाळेत चालू असलेला धडा काढूनच ते बसते. तो धडा बाजूला ठेवायला सांगावे. पहिला तास मी सहावी ते आठवीच्या गणितातले दहा-बारा प्रश्न देते आणि त्याला परीक्षा म्हणत नाही. प्रश्न साधे असतात: १/२ अधिक १/३ किती; (−३) चा वर्ग किती; ७ − २(क्ष − ३) = ५ असेल तर क्ष किती; अडीच चौरस मीटर म्हणजे किती चौरस सेंटिमीटर; ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात किती मीटर जाते; एखादा आलेख दाखवून त्यावरून दोन प्रश्न. पेनने लिहायला सांगावे आणि खोडरबर देऊ नये. मूल जे खोडते तेच आपल्याला पाहायचे असते.

या उत्तरांना गुण देण्यात अर्थ नाही, कारण चुकीचे उत्तरच बरेच काही सांगून जाते. अपूर्णांकांच्या बेरजेचे उत्तर २/५ आले तर मूल अंशात अंश आणि छेदात छेद मिळवते आहे, म्हणजे अपूर्णांक ही एक संख्या आहे हेच त्याला अजून पटलेले नाही. कंसाच्या समीकरणाचे उत्तर ४ यायला हवे. ज्याचे −२ येते त्याने कंस सोडवताना आतल्या उणे तीनचे चिन्ह बदललेले नसते. चौरस मीटरच्या प्रश्नाला २५,००० ऐवजी २५० असे उत्तर देणारी मुले फार असतात, आणि तीच मुले पुढे पृष्ठफळ आणि घनफळाच्या धड्यात सूत्र बरोबर लिहूनही गुण गमावतात.

मागे एक मुलगी माझ्याकडे आली ती वर्गसमीकरणे येत नाहीत म्हणून. शाळेत धडा झाला होता, तिच्या वडिलांनी एकदा शिकवला होता, आणि तिने स्वतः एकदा पाठ केला होता. मी तिला २क्ष² − ७क्ष + ३ = ० हे समीकरण दिले. तिने सूत्र अचूक लिहिले, किमती अचूक मांडल्या, आणि मग विवेचकासाठी, म्हणजे सूत्रात वर्गमुळाखाली येणाऱ्या राशीसाठी, −४९ − २४ = −७३ असे लिहून खाली ठामपणे "वास्तव मुळे नाहीत" असा निष्कर्ष काढला.

"मायनस सेव्हनचा वर्ग किती गं?" मी विचारले.

"मायनस फोर्टी-नाइन, काकू."

"वर्ग म्हणजे काय करायचं असतं?"

"त्याच नंबरला त्याच नंबरनं गुणायचं."

"मग ते गुणून दाखव बघू, कागदावर."

तिने −७ लिहिले, गुणाकाराचे चिन्ह काढले, पुन्हा −७ लिहिले, आणि पेन तसेच कागदावर टेकवून ती बराच वेळ बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "काकू, मी तर पूर्ण चॅप्टरच असं केलंय." वर्गसमीकरणे तिला येत होती. तिला ऋण संख्येच्या वर्गासाठी कंस घालण्याची सवय नव्हती, आणि ती सवय लागायला आम्हांला आठ दिवस पुरले. ४९ मधून २४ गेले, २५ उरले, आणि क्षच्या किमती ३ आणि १/२ आल्या, तेव्हा तिने पुस्तकातले मागचे सगळे प्रश्न आपण होऊन पुन्हा सोडवले.

अशी जागा सापडली की तिथे काम करायचे, पण मुलाला महिनाभर सातवीच्या पुस्तकात बसवून ठेवायचे नाही. शाळेतल्या चालू धड्यापासून ते तुटले तर वर्गात आणखी मागे पडते आणि त्याचा शिकवणीवरचा विश्वास जातो. म्हणून प्रत्येक बैठकीची पहिली पंधरा मिनिटे मागच्या कच्च्या गोष्टीला आणि उरलेला वेळ चालू धड्याला, अशी विभागणी मी ठेवते. आणि "हे तर सातवीचं आहे" हे वाक्य माझ्या घरात कोणीच उच्चारायचे नाही, मुलांनीसुद्धा एकमेकांना नाही.

प्रश्न विचारल्यावर थांबायला शिकणे हे शिकवणाऱ्याला सर्वांत अवघड जाते. मूल गप्प बसले की आपल्याला राहवत नाही आणि आपण पहिली पायरी सांगून टाकतो. मी मनातल्या मनात वीस आकडे मोजते. पंधराच्या पुढे बहुतेक मुले काहीतरी बोलतात, आणि ते चुकीचे असले तरी त्यांचे स्वतःचे असते.

घरची भाषा, शाळेची भाषा

इंदूरच्या मराठी मुलाची एक अडचण पुण्याच्या मुलाला नसते आणि ती शिकवणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि पुस्तक हिंदी किंवा इंग्रजी, असे त्याचे तीन भाषांत चाललेले असते. मराठी आणि हिंदी शास्त्रीय शब्द दिसायला सारखे असल्यामुळे घोटाळा आणखी वाढतो. मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण आणि अणू एकत्र येऊन होतो तो रेणू; हिंदीत त्या लहान कणाला परमाणु म्हणतात आणि अणु हा शब्द रेणूसाठी वापरतात. म्हणजे मराठी माध्यमातून शिकलेले आजोबा नातवाला प्रेमाने समजावतात की पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात, आणि हिंदी माध्यमाचा नातू पुस्तकात वाचतो की पाण्याचा तो अख्खा कण हाच अणु आहे. दोघेही बरोबर असतात आणि मुलाच्या डोक्यात मात्र गोंधळ उरतो.

क्षार या शब्दाचे तर याहून वाईट आहे. मराठी पुस्तकातला क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून तयार होणारा पदार्थ, ज्याला हिंदीत लवण म्हणतात. हिंदीत क्षार म्हणजे पाण्यात विरघळणारा क्षारक (आपला आम्लारी), ज्याला मराठीत अल्क म्हणतात. दहावीच्या विज्ञानातला दुसराच धडा याच विषयावर आहे, तेव्हा पहिल्या महिन्यातच ही गाठ सोडवून घ्यावी. मी प्रत्येक मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखायला लावते: घरी म्हणतो तो शब्द, हिंदी पुस्तकातला शब्द, इंग्रजी पुस्तकातला शब्द. गुणोत्तर आणि अनुपात, छेद आणि हर, घनफळ आणि आयतन, वस्तुमान आणि द्रव्यमान, द्रावण आणि विलयन, असे करत वर्षभरात ते पान भरून जाते. परीक्षेत पुस्तकातलाच शब्द लिहायचा, यात तडजोड नाही.

पण समजून घेण्यासाठी मराठीच वापरावी, आणि याला केवळ मातृभाषेचे प्रेम हे कारण नाही. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना शाब्दिक उदाहरणे का अडतात हे मी बारकाईने पाहिले आहे. "फाइव्ह लेस दॅन ट्वाइस अ नंबर" असे वाक्य आले की मूल शब्दांच्या क्रमाने लिहीत जाते आणि ५ − २क्ष मांडते. तेच वाक्य मराठीत म्हणायला सांगितले तर ते म्हणते, "एका संख्येच्या दुपटीपेक्षा पाचने कमी." आधी संख्या, मग दुप्पट, मग पाचने कमी, या क्रमाने लिहिले की २क्ष − ५ आपोआप येते. मराठी वाक्याची रचना येथे बीजगणिताच्या क्रमाशी जुळते. म्हणून शाब्दिक उदाहरण आधी मोठ्याने मराठीत सांगायचे, मग समीकरण मांडायचे आणि मग उत्तर पुस्तकाच्या भाषेत लिहायचे, असा क्रम मी ठरवून दिला आहे. मुलाचे मराठी इंदुरी असेल, "काकू, हा उत्तर येऊनच नाही राहिला" असे ते म्हणेल. त्या वेळी व्याकरण सुधारत बसू नये, कारण एकदा टोकले की ते बोलणेच बंद करते.

विज्ञान घरातल्या वस्तूंनी शिकवावे

बऱ्याच मुलांनी विज्ञानाचे प्रयोग केवळ आकृतीत पाहिलेले असतात. घरगुती शिकवणीत प्रयोगशाळा नसली तरी फारसे अडत नाही. दहावीच्या प्रकाशाच्या धड्यासाठी आजोबांचा वाचायचा चष्मा पुरतो. +२ क्रमांकाचा चष्मा घ्यावा, दिवसा खोलीत जरा अंधार करून तो खिडकीसमोरच्या भिंतीजवळ धरावा आणि हळूहळू पुढे-मागे करावा. भिंतीपासून साधारण ५० सेंटिमीटरवर खिडकीबाहेरचे लांबचे झाड उलटे होऊन भिंतीवर उमटते. मुलाने ते अंतर फूटपट्टीने स्वतः मोजावे. भिंगाची शक्ती म्हणजे मीटरमधील नाभीय अंतराचा व्यस्त, हे सूत्र मग पाठ करावे लागत नाही, कारण एक भागिले अर्धा म्हणजे दोन आणि चष्म्याच्या दुकानदाराने कागदावर लिहिलेला आकडाही दोनच, हे त्याच्या हाताखाली घडलेले असते. त्यानंतर शिकवणीतल्याच एखाद्या मुलाचा लांबचे पाहण्याचा, उणे क्रमांकाचा चष्मा तसाच धरायला सांगावा. कितीही पुढे-मागे केले तरी भिंतीवर चित्र येत नाही, आणि अंतर्गोल भिंगाची प्रतिमा आभासी का म्हणायची या प्रश्नापाशी मुले आपणच येऊन पोहोचतात.

आम्ल-आम्लारीसाठी स्वयंपाकघरातली हळद घ्यावी. हळदीच्या पाण्यात साबणाचे पाणी घातले की रंग तांबडा होतो आणि त्यात लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. पारंपरिक कुंकू हळद आणि चुन्यापासून करतात हे आजीकडून कळले की हळदी-कुंकवाचे तबक मुलीला वेगळ्याच नजरेने दिसते. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून काढलेला रंग आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवा होतो. तीव्र आम्ले मात्र घरात आणू नयेत, आणि विजेच्या प्रयोगांना दीड व्होल्टचे सेलच वापरावेत; भिंतीतल्या सॉकेटला मुलांनी हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवशी स्पष्ट सांगावे.

एक प्रसंग मला येथे मुद्दाम सांगावासा वाटतो. प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणून आम्ही पाणी उकळेपर्यंत दर मिनिटाला तापमान लिहीत होतो. पाणी खळखळ उकळत होते आणि पारा ९८ च्या आसपास थांबला होता. तीन मुलांनी वहीत १०० लिहिले. विचारल्यावर एकाने सांगितले की पुस्तकात शंभर आहे, थर्मामीटर खराब असेल. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, उंचीवर हवेचा दाब कमी असतो आणि दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळते. पुस्तकातला १०० हा आकडा समुद्रसपाटीच्या दाबाचा आहे. हे कळल्यावर त्या मुलांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. जे दिसले तेच लिहायचे आणि मग ते तसे का दिसले हे शोधायचे, ही सवय मला कुठल्याही व्याख्येपेक्षा मोलाची वाटते, आणि त्या दिवशी धडा पुढे सरकला नाही याचे मला काही वाटले नाही.

त्रिकोणमितीसाठी गच्चीवर जावे. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला इंदुरात सूर्य दुपारी क्षितिजापासून सुमारे ४४ अंश वर असतो, आणि आपले रेखावृत्त भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला असल्यामुळे ही खरी मध्यान्ह बारा वाजता न होता साधारण बारा पंचवीसला होते. त्या वेळी एक मीटर लांबीची काठी सरळ उभी केली तर तिची सावली सुमारे १०४ सेंटिमीटर पडते, म्हणजे जवळजवळ काठीइतकीच. ४५ अंशांचा टॅन, म्हणजे उंची भागिले सावली, एक का असतो हे मुलांना तिथेच, उन्हात उभ्या उभ्या दिसते. मग पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या इमारतीची सावली मोजून उंची काढायला सांगावी. गणिताच्या पुस्तकातली मनोऱ्याची आणि दीपस्तंभाची उदाहरणे त्यानंतर पुष्कळ सोपी वाटतात.

वही, घरचा अभ्यास आणि पालक

आठवड्यातून तीन दिवस, दीड-दीड तास पुरतो. रोज शिकवणी ठेवली की मूल स्वतः अभ्यासाला बसत नाही. घरचा अभ्यास थोडाच द्यावा, पाच-सहा प्रश्न, पण ते तपासल्याशिवाय पुढची बैठक सुरू करू नये. प्रत्येक मुलाची एक चुकांची वही असावी: डाव्या पानावर चुकलेले उदाहरण जसेच्या तसे, उजव्या पानावर चूक कुठे झाली याचे एक वाक्य मुलाच्या शब्दांत, आणि खाली तेच उदाहरण बरोबर सोडवलेले. "लक्ष नव्हते" हे कारण मी स्वीकारत नाही. "चौरस मीटरचे सेंटिमीटर करताना एकदाच शंभरने गुणले" असे लिहायला हवे.

पुस्तक एनसीईआरटीचेच धरावे. मध्य प्रदेशच्या मंडळाच्या शाळांतही गणित आणि विज्ञानाला तीच पुस्तके आहेत, त्यामुळे एमपी बोर्ड आणि सीबीएसईची मुले एकत्र बसवता येतात. त्यातली सोडवलेली उदाहरणे मुलांनी उत्तर झाकून आधी स्वतः करावीत. गाइड पहिल्या सहामाहीत तरी हातात देऊ नये.

फी पहिल्या भेटीतच, महिन्याच्या हिशेबाने, दोघांना सोयीची अशी ठरवावी आणि गैरहजेरीचे काय करायचे तेही तेव्हाच बोलावे. दोन भावंडे असतील किंवा घरची परिस्थिती ओढाताणीची असेल तर कमी घ्यावी आणि ते मुलाच्या कानावर जाऊ देऊ नये. गुणांचे आश्वासन मात्र कोणालाही देऊ नये. "वहिनी, नव्वदच्या वर आणून द्याल ना?" असे विचारणाऱ्या पालकांना मी त्यांच्या मुलाचा पहिल्या दिवशीचा कागद दाखवते आणि तीन महिन्यांनी हेच प्रश्न पुन्हा देईन, तेव्हा येऊन पाहा, असे सांगते. पालकांशी बोलताना मूल समोर असावे. त्याच्या पाठीमागे त्याच्याविषयी बोललेले त्याला घरी गेल्यावर कळतेच, आणि तेही वाढवून.

बोर्डाच्या परीक्षेकडे जाताना

सीबीएसईच्या दहावीत गणित आणि विज्ञान या दोन्ही विषयांना लेखी परीक्षेचे ८० आणि शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण असतात. गणितात २०२० पासून बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन पर्याय आहेत. अभ्यासक्रम एकच, प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी वेगळी. हा निर्णय मूल, पालक आणि शिकवणारे यांनी एकत्र बसून घ्यावा, आणि पहिल्या घटक चाचणीच्या गुणांवरून घाबरून घेऊ नये. ज्या मुलांचा पाया ऑगस्टपर्यंत कच्चा होता त्यांतली काही डिसेंबरमध्ये स्टँडर्डचा पेपर नीट सोडवताना मी पाहिली आहेत. २०२६ पासून सीबीएसईने दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा केली आहे: पहिली फेब्रुवारीत सुरू होणारी, सर्वांना सक्तीची, आणि दुसरी मे महिन्यात, जास्तीत जास्त तीन विषयांत गुण सुधारण्यासाठी. दुसरी संधी आहे हे मुलाला माहीत असावे, पण तयारी पहिलीचीच करावी.

अभ्यासक्रम डिसेंबरअखेर संपवावा. जानेवारीत दर रविवारी पूर्ण तीन तासांचा पेपर ठेवावा, आणि तोही सीबीएसईच्याच वेळेला, सकाळी साडेदहा ते दीड. रविवारी सकाळी पोहे-जलेबी खाऊन मुले जड होऊन येतात, म्हणून मी पालकांना त्या दिवशी नाश्ता लवकर आणि हलका द्यायला सांगते. पेपर तपासताना उत्तरापेक्षा पायऱ्या पाहाव्यात, कारण गुण पायऱ्यांना असतात: सूत्र लिहिले का, किमती एककांसह मांडल्या का, रासायनिक समीकरण संतुलित आहे का, किरणाकृतीत बाण काढले आहेत का, आकृती पेन्सिलने काढून नावे दिली आहेत का. बाण न काढल्यामुळे गेलेला अर्धा गुण मी मुलाला लाल वर्तुळ करून दाखवते आणि ती आकृती त्याच्याकडून तिथल्या तिथे पुन्हा काढून घेते.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नवीन काही शिकवू नये. मुले त्या दिवसांत एकेकटी, अर्ध्या-अर्ध्या तासासाठी येतात आणि फक्त चुकांची वही आणतात. मी डाव्या पानांवरचे कुठलेही एक उदाहरण कोऱ्या कागदावर उतरवून देते, वही मिटून माझ्याकडे ठेवते, आणि मूल ते पेनने, खोडरबराशिवाय सोडवते. बरोबर आले तर पुढचे. चुकले तर उजव्या पानावर त्याने जुलैमध्ये स्वतःच्या अक्षरात लिहिलेले वाक्य त्याला वाचून दाखवते, आणि ते उदाहरण आम्ही पुन्हा पहिल्या ओळीपासून मांडायला घेतो.